अहरोनवंशाचें सोवळें

यहुदी धर्मांतील विवाहनियमांविषयीं जें कांहीं आमच्या वाचनांत येतें त्यांत एक स्तुतिपाठ ठरलेला असतो. देशोधडीला लागलेल्या या समाजानें शतकानुशतकें आपला धर्म केवळ कुटुंबशुद्धीच्या बळावर राखला, आणि त्या शुद्धीचें शिखर म्हणजे याजकवर्गाचे कडक विवाहनिर्बंध होत, असें सांगण्यांत येतें. यांतील पहिला अर्धा भाग वादापुरता आम्ही मान्य करतों. दुसरा अर्धा मात्र तपासून घेण्याजोगा आहे. तो तपासूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, ज्याला याजकाचें पावित्र्य म्हणतात त्याची किंमत याजकानें स्वतः फारशी मोजलेलीच नाहीं. ज्यांना याजकपद कधींच मिळावयाचें नव्हतें अशा स्त्रियांकडून ती वसूल करण्यांत आली आहे. हें विधान कित्येकांस कठोर वाटेल. म्हणून तें त्या धर्माच्या ग्रंथांवरूनच सिद्ध करणें आम्हांस प्राप्त आहे.

तोरेंतील लेवीय नांवाच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय हा या प्रकरणाचा पाया. मोशेचा भाऊ अहरोन याचे वंशज ते याजक. हिब्रू भाषेंत त्यांस कोहेन म्हणतात. हें पद विद्येनें मिळत नाहीं, तपानेंही मिळत नाहीं. तें बापाकडून मुलाकडे येतें. या अध्यायांत याजकावर घातलेल्या बंधनांचा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचा उपयोग होणार आहे. आरंभ प्रेताच्या विटाळापासून आहे: अगदीं जवळचे आप्त सोडून इतर कोणाच्याही प्रेताचा विटाळ याजकानें होऊं देऊं नये. मग विवाहाचा नियम येतो. व्यभिचारिणी, कलंकित स्त्री व नवऱ्यानें सोडलेली स्त्री या तिघींशीं याजकानें विवाह करूं नये. मुख्य याजकाला तर विधवाही वर्ज्य, त्यानें कुमारिकाच वरावी. शेवटीं शरीरव्यंगाचा नियम आहे: आंधळ्या, लंगड्या याजकानें वेदीपाशीं जाऊं नये, पण पवित्र अन्नांतला आपला वांटा त्यानें खावा. व्यंग असलेल्या पुरुषाचें याजकपण जात नाहीं, त्याचें ताटही कोणी ओढून घेत नाहीं, ही गोष्ट आम्हांस बोलकी वाटते.

तालमुदाच्या आचार्यांनीं हा नियम पुष्कळ वाढविला. परधर्मांतून आलेली स्त्री, ती कितीही निष्ठावंत असो, याजकास वर्ज्य ठरली. ती तीन वर्षांच्या आंतच यहुदी झालेली असल्यास याजकाला चालावी असें रब्बी शिमोन यांचें मत होतें; तेंही स्वीकारलें गेलें नाहीं. निपुत्रिक नवऱ्याच्या भावानें हलित्सा नांवाचा विधि करून जिला मोकळें केलें ती स्त्रीही घटस्फोटितेच्या रांगेंत बसली. आणि असा निषिद्ध विवाह याजकानें केलाच तर त्यापासून झालेला मुलगा याजकपदाला मुकतो व मुलगी ‘हलाला’ म्हणजे कलंकित ठरून दुसऱ्या याजकास अयोग्य होते. बापाचा नियमभंग लेकीच्या कपाळीं लिहिण्याची ही रीति आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटणार नाहीं.

समर्थक म्हणतात, यांत घटस्फोटितेचा अवमान मुळींच नाहीं; याजकांखेरीज इतर कोणाही यहुद्याशीं तिला खुशाल विवाह करतां येतो. हें खरें आहे. परंतु एकाच वाक्यांत तिला व्यभिचारिणीच्या शेजारीं बसवून वर ‘तुझा अवमान केला नाहीं’ असें सांगणें म्हणजे पंगतींतून उठविलेल्या पाहुण्याला ओसरीवर पान वाढून आदरसत्काराची ग्वाही देण्यासारखें आहे. शिवाय नीतीच्या दृष्टीनेंही हा नियम टिकत नाहीं. शास्त्राचा रूढ निर्णय असा आहे कीं, अविवाहित यहुदी पुरुषाशीं विवाहावांचून संबंध आला एवढ्यानें अविवाहित स्त्री त्या निंद्य वर्गांत पडत नाहीं. साध्या याजकास ती चालते. उलट जिनें विधिपूर्वक लग्न केलें, संसार मोडला तेव्हां धर्मशास्त्र सांगतें त्याच मार्गानें ‘गेट’ म्हणजे सोडपत्र घेतलें, तिला याजकाचें दार जन्माचें बंद. नियम पाळणारी बाहेर आणि न पाळणारी आंत, हा या शुद्धीचा हिशेब! इतकेंच नव्हे. नवऱ्यानें ‘तूं मला मोकळी, पण दुसऱ्या कोणालाही मोकळी नाहींस’ अशा अटीचें सोडपत्र दिलें, तर तें व्यर्थ होय. ती त्याचीच बायको राहते. तरीही तो मेल्यावर ती याजकाला चालत नाहीं, कारण तिला सोडपत्राचा वास लागला! ‘वास’ हा शब्द आमच्या पदरचा नव्हे, तालमुदांतला आहे.

याच नियमाचें आणखी एक अंग आहे. सामान्य यहुद्यानें रागाच्या भरांत बायको सोडली आणि मागाहून पस्तावला, तर ती दुसऱ्याची झालेली नसल्यास तिला तो परत आणूं शकतो. याजकाला तें करतां येत नाहीं. त्याची स्वतःची सोडलेली बायको त्यालाही घटस्फोटिताच. तालमुदांत या बाबतींत मोठी मनोरंजक हकीकत आली आहे. कांहीं याजक फार कोपिष्ट असत व घटकेंत सोडपत्र देऊन बसत. म्हणून आचार्यांनीं त्यांच्यासाठीं गांठी मारलेल्या सोडपत्राची युक्ति काढली. कागद घडी घडी करून दुमडावयाचा, शिवावयाचा, आणि बाहेरच्या बाजूस घडीगणिक साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या. हें होईपर्यंत स्वारीचा राग ओसरावा हा हेतु. त्या आचार्यांचें मनुष्यस्वभावाचें ज्ञान व त्यांची करुणा यांविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण ही करुणा कोणत्या वाटेनें गेली तें पाहावें. नियमाला हात लावण्याचें धैर्य झालें नाहीं, म्हणून कागदाला गांठी पडल्या.

आतां या शास्त्रांतील सर्वांत दुःखद प्रकरणाकडे वळूं. सामान्य यहुद्याच्या पत्नीवर कोणी बलात्कार केला तर ती निर्दोष, आणि नवऱ्यानें तिला नांदवावें असें शास्त्र सांगतें. त्या काळच्या मानानें हा निर्णय फारच उदार म्हटला पाहिजे. पण नवरा याजक असेल तर? तीच निर्दोष स्त्री त्याला वर्ज्य होते. अपराध नाहीं हें मान्य, तरी तिनें घराबाहेर व्हावें. युद्धांत पकडलेल्या स्त्रीविषयीं तर प्रत्यक्ष कांहीं घडल्याचा पुरावाही लागत नसे. संशय पुरेसा होता. मिश्ना सांगते कीं, वेढा घालून शत्रूनें नगर घेतलें तर त्यांतल्या सर्व याजकांच्या बायका अयोग्य ठरतात. साक्षीदार असल्यास त्या सुटतात, मग तो साक्षीदार दास असो कीं दासी. मात्र स्वतःच्या बाबतींत कोणाचीही साक्ष ग्राह्य नाहीं. याच ठिकाणीं रब्बी जखऱ्या बेन हकत्साब यांची हकीकत आहे. परकीय यरुशलेमेंत शिरले तेव्हांपासून निघून जाईपर्यंत माझ्या पत्नीचा हात माझ्या हातांतून सुटला नाहीं, असें त्यांनीं मंदिराची शपथ वाहून सांगितलें. उत्तर मिळालें, मनुष्याची साक्ष स्वतःविषयीं चालत नाहीं. पुढची परंपरा सांगते कीं, त्यांनीं तिला आपल्या वाड्यांत वेगळें घर दिलें. ती बाहेर पडे तेव्हां मुलांच्या पुढें चाले, आंत जाई तेव्हां मुलांच्या मागून जाई, म्हणजे दोघांस एकांत म्हणून मिळूं नये. दासीच्या शब्दाला मोल, आणि संहाराच्या दिवसांत जिचा हात धरून ठेवला तिच्याविषयीं नवऱ्याच्या शपथेला मोल नाहीं! हितसंबंधी माणसाची साक्ष घेऊं नये हें न्यायाचें तत्त्व आम्हांसही कळतें. पण येथें फिर्यादी कोण होता? त्या बाईविरुद्ध कोणाची तक्रार होती?

हा संशय राजकारणांतही शस्त्रासारखा वापरला गेला. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत योहान हिर्कानस हा राजसत्ता व मुख्य याजकपद दोन्ही भोगीत असतां, तुझी आई अँटिओकसच्या वेळीं बंदिवान होती, सबब याजकपद सोड, असें एकानें त्याला मेजवानींत तोंडावर सांगितलें. इतिहासकार जोसेफस म्हणतो, ती गोष्टच खोटी होती. हा जोसेफस स्वतः याजककुळांतला. याजक लोक वंशाचे लेख किती काटेकोर ठेवतात, लढायांनंतर ते स्त्रियांची कशी चौकशी करतात व बंदिवान झालेलीस कसे वरीत नाहींत, हें त्यानें मोठ्या अभिमानानें लिहून ठेविलें आहे. आणि आपल्या आत्मचरित्रांत तोच लिहितो कीं, व्हेस्पेशियनच्या आज्ञेवरून आपण एका बंदिवान मुलीशीं लग्न केलें! सम्राट होऊं घातलेल्या सेनापतीची आज्ञा म्हटली म्हणजे शास्त्राला थोडें बाजूला सरतां येतें, एवढाच त्याचा अर्थ.

शास्त्राला बाजूला सरतां येतें याचीं चांगलीं उदाहरणेंही आहेत, आणि तीं न सांगणें अन्यायाचें होईल. आचार्य शमुएल यांच्या मुली बंदिवान होऊन इस्राएल देशांत आल्या. त्यांनीं पकडणाऱ्यांस बाहेर उभें केलें, पाठशाळेंत जाऊन ‘मी बंदिवान झालें, पण शुद्ध आहें’ असें प्रत्येकीनें सांगितलें, आणि त्यांचा शब्द मानला गेला. बंदिवासाची गोष्ट त्यांच्याच तोंडून प्रथम कळली. ज्या तोंडानें बंधन सांगितलें तेंच तोंड तें सोडवूं शकतें, हा न्याय. दैवानें साक्षीदार आधीं पोहोंचले नव्हते, म्हणून त्या सुटल्या. जखऱ्यांच्या पत्नीचें दुर्दैव असें कीं, नगर पडल्याचें सर्व जगाला ठाऊक होतें.

इ. स. 70 मध्यें रोमनांनीं यरुशलेमेचें मंदिर जाळलें. वेदी गेली, यज्ञ गेले. याजकाच्या हातीं आतां उरलें तें इतकेंच: सभास्थानांत तोरावाचनाचा पहिला मान, दोन्ही हात उचलून लोकांस आशीर्वाद देणें, प्रथमजात पुत्राच्या सोडवणुकीचीं पांच रुप्याचीं नाणीं घेणें, आणि स्मशानापासून दूर राहणें. कर्तव्यें गेलीं, विवाहनिर्बंध मात्र जसेच्या तसे राहिले. मंदिर पुन्हा उभें राहील तेव्हां शुद्ध याजक हवेत, म्हणून वंश राखला पाहिजे, असा यावर युक्तिवाद आहे. तो प्रामाणिक आहे असें मानून विचारूं: वंशाचा लेख कोठें आहे? बाबिलोनच्या बंदिवासांतून लोक परतले तेव्हां कांहीं याजककुळांस आपल्या वंशावळी सांपडल्या नाहींत; त्यांस याजकपणांतून दूर करण्यांत आलें, असें एज्राच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे. त्या कसोटीस आजचा कोणता कोहेन उतरेल? मैमोनिडीजसारखा श्रेष्ठ शास्त्रकार बाराव्या शतकांतच सांगून गेला कीं, आपल्या काळचे याजक हे केवळ समजुतीचे, रूढीनें मानलेले याजक होत. 1997 सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत कोहेनांच्या पितृवंशाच्या गुणसूत्रांविषयीं एक लेख आला, तेव्हांपासून कित्येकांना हर्षवायु झाला आहे. पुष्कळ कोहेनांचा दूरचा एक मूळपुरुष असावा, असें त्यावरून अनुमान निघतें. अमुक गृहस्थ खरा कोहेन आहे असें निघत नाहीं. आणि रब्बींच्या कचेरींत कोणाचें गुणसूत्र तपासून पाहत नाहींत. बापाला कोहेन म्हणत, म्हणून मुलगा कोहेन, एवढेंच तेथें पुरतें. पुरुषाच्या बाजूला समजूत पुरते. स्त्रीच्या बाजूला संशयही जड होतो.

येथवर सर्व धर्मशास्त्राची गोष्ट झाली. आपल्या श्रद्धेनें जो बंधन पाळतो त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. आमचें खरें भांडण आहे तें राजदंड हातीं घेतलेल्या शास्त्राशीं. इस्राएल राष्ट्रानें 1953 सालीं कायदा करून, तेथील यहुदी नागरिकांचे व रहिवाशांचे विवाह व घटस्फोट केवळ रब्बींच्या न्यायसभांच्या अधिकारांत दिले, आणि ते तोरेच्या शास्त्राप्रमाणेंच व्हावेत असें ठरविलें. नागरी विवाहाची सोय त्या देशांत यहुद्यांसाठीं आजही नाहीं. 2010 सालीं जो थोडा उपाय झाला तो वधूवर दोघेही कोणत्याच धर्माचे नसतील तरच लागू पडतो. तेव्हां कोहेन नांवाचा तरुण, जो कदाचित् वर्षांतून एकदांही सभास्थानाची पायरी चढत नसेल, त्याला घटस्फोटितेशीं किंवा नवयहुदी स्त्रीशीं स्वदेशांत विवाह नोंदवितां येत नाहीं. मग तीं दोघें सायप्रसला जातात. परदेशीं रीतसर झालेला विवाह नोंदवहींत लिहून घेतलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1963 पासूनचा दंडक असल्यामुळें परत आल्यावर त्यांची नोंद होते. जो विवाह घरीं पाप तो बोटीच्या भाड्यानें धुऊन निघतो! खुद्द त्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश हाइम कोहन हे याजककुळांतले. मिखाल स्मोइरा या घटस्फोटित संगीतपंडितेशीं त्यांचा विवाह ठरला, तेव्हां 1966 सालीं त्यांस न्यूयॉर्क गांठावें लागलें, आणि त्यावर देशांत केवढें वादळ उठलें! ज्याच्या निर्णयानें देशाचे तंटे मिटत त्याला आपल्या लग्नासाठीं दुसऱ्या खंडांत जावें लागलें. गंमत अशी कीं, शास्त्राप्रमाणें असा विवाह निषिद्ध असला तरी झाला म्हणजे खराच असतो. तो मोडण्यास सोडपत्रच लागतें.

आतां वाचकांनीं तो एकविसावा अध्याय पुन्हा आठवावा. त्याचा आरंभ प्रेताच्या विटाळापासून आहे, विवाहापासून नाहीं. दोन्ही आज्ञा एकाच तोंडच्या व सारख्याच वजनाच्या. मिश्नेनें तर दोघांस एकाच वाक्यांत जोडलें आहे: निषिद्ध विवाह करणारा याजक त्या स्त्रीपासून दूर राहण्याचा नवस करीपर्यंत सेवेस अपात्र, आणि प्रेताचा विटाळ करून घेणारा याजक, पुन्हा तसें करणार नाहीं असें पत्करीपर्यंत अपात्र. पण इस्राएलांतील कोणता कायदा कोहेनाला मित्राच्या अंत्ययात्रेस जाण्याची बंदी करतो? कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारांत त्याला शवविच्छेदनाच्या वर्गापासून सरकारी शिपाई अडवितो? तेथें त्याच्या सदसद्विवेकावर सर्व कांहीं सोपविलेलें आहे. जेथें पावित्र्य राखण्यासाठीं याजकाला स्वतःचा व्यवसाय सोडावा लागेल तेथें राष्ट्र गप्प; जेथें तें राखण्यासाठीं एखाद्या स्त्रीला नाकारावें लागेल तेथें कायदा जागा! आमच्या भाषेंतही असेंच एक शब्दाचें कोडें आहे. पुरुष सोवळें नेसतो आणि जेवण आटोपलें म्हणजे खुंटीवर ठेवतो. स्त्री मात्र सोवळी होते, आणि मरेपर्यंत सोवळी राहते. तेव्हां याजकांच्या सोवळ्याविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असें जे विचारतील त्यांना आमचें उत्तर आहे कीं, ही चाल आम्ही घरीं पाहिली आहे, म्हणून ती दुरून ओळखूं येते.

आणि हें प्रकरण आमच्यापासून तितकें दूरही नाहीं. कोंकणांत शनवार तेली म्हणून जे ओळखले जात ते बेने इस्राएल. त्यांची मातृभाषा मराठी. 1948 नंतर त्यांतील हजारों लोक इस्राएलांत जाऊन राहिले. 1962 सालीं तेथील मुख्य रब्बींच्या मंडळानें फर्मान काढलें कीं, बेने इस्राएल वधूवरांचा विवाह इतर यहुद्यांशीं लावण्यापूर्वीं त्यांची आई, आजी आणि पुढें जितकें मागें जातां येईल तितकें मागें जाऊन चौकशी करावी; त्यांच्यांत परक्या रक्ताची भेसळ झाली काय, कोणीं शास्त्रोक्त सोडपत्रावांचून दुसरें लग्न लाविलें काय, तें शोधावें. अलिबागच्या किंवा पेणच्या कोणा आजीनें सोडपत्राचा कागद जपून ठेवावा अशी ही अपेक्षा! रब्बींच्या समुदायापासून शतकानुशतकें तुटलेल्या, तरी शनिवारीं घाणा बंद ठेवून व सुंता पाळून राहिलेल्या लोकांकडून हा पुरावा मागितला गेला. त्यांनीं यरुशलेमेंत धरणें धरलें, 1964 सालीं लोकसभेला त्याची दखल घ्यावी लागली, आणि रब्बींनीं फर्मानांतून त्यांचें नांव काढून टाकलें; चौकशी राहिली, ती ‘ज्यांच्याविषयीं संशय असेल’ अशा कोणाहीसाठीं. ज्या तत्त्वावर वंशावळ नसलेला कोहेन निव्वळ समजुतीनें याजक मानला जातो, तेंच तत्त्व कोंकणच्या आजीला लावलें असतें तर हें धरणें कशाला लागतें? आणि चौकशींत एखादी मुलगी संशयित ठरून तिला ‘खबरदारी म्हणून’ नवयहुदी करून घेतलें, तर त्या क्षणीं ती याजकास वर्ज्य झाली, हें निराळें सांगावयास नकोच.

सुधारक पंथाच्या रब्बींनीं 1869 सालींच फिलाडेल्फियाच्या परिषदेंत ठरविलें कीं, मंदिराबरोबर अहरोनवंशाचें विशेष पावित्र्य संपलें, सबब त्याच्यावर आधारलेले विवाहनिर्बंधही संपले. सनातन पंथानें हा ठराव कधींच मानला नाहीं, आणि त्यानें तो मानावा असा आमचा आग्रहही नाहीं. मंदिराची वाट पाहत ज्याला राहावयाचें आहे त्यानें खुशाल राहावें. पण वाट पाहण्याचा खर्च दुसऱ्याच्या नांवें लिहूं नये. 1953 च्या त्या कायद्यांतील एका वाक्याच्या कलमाशेजारीं नागरी विवाहाचें दुसरें एक कलम बसविलें, तर एकाही याजकावर घटस्फोटितेशीं लग्न करण्याची सक्ती येत नाहीं. स्मशानाच्या भिंतीबाहेर उभा राहून आप्ताला निरोप देणारा श्रद्धाळू कोहेन आजही तेथें दिसतो. त्याला कोणत्याही सरकारी हुकुमानें तेथें उभें केलेलें नाहीं.